बोर्डिंग शाळेचे नवीन प्रिन्सिपल झालात? मग बदल हॉस्टेलपासून सुरू करा

बोर्डिंग शाळेचा प्रिन्सिपल झालेला माणूस बऱ्याचदा डे स्कूलमधून वर आलेला असतो. आधी चांगला शिक्षक, मग सुपरवायझर, मग व्हाईस प्रिन्सिपल, आणि मग पाचगणी, देवळाली नाहीतर पुण्याबाहेरच्या एखाद्या निवासी शाळेची जाहिरात बघून अर्ज करतो, सिलेक्ट होतो, जूनमध्ये जॉईन होतो आणि पहिल्या महिन्यात ज्या गोष्टींना हात घालतो त्या सगळ्या सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीनमधल्या असतात. टाईमटेबल, स्मार्ट बोर्ड, युनिट टेस्ट, असेंब्ली. कारण त्याला तेच येतं.

आता साधा हिशोब करा. आठवड्याचे तास १६८, त्यातले मूल वर्गात बसतं ते फार तर ४०. उरलेले जवळजवळ १३० तास ते हॉस्टेल, मेस, ग्राउंड, प्रेप (हॉस्टेलमधली ठरलेली अभ्यासाची वेळ) आणि सिक रूममध्ये असतं, आणि हे तास ज्यांच्या हातात असतात ते रेक्टर, मेट्रन, मावशी, मामा, वॉचमन हे शाळेतले सगळ्यात कमी पगाराचे, सगळ्यात कमी ट्रेनिंग मिळालेले लोक असतात. मी या शाळांमध्ये बरीच वर्षं काम केलंय, हॉस्टेल बाजूलाही आणि ऑफिस बाजूलाही, आणि माझं ठाम मत आहे की निवासी शाळेत टिकणारा बदल फक्त या १३० तासांतूनच येतो. वर्गातला बदल त्याच्या मागून येतो, आधी नाही.

हे सगळं खासगी, विनाअनुदानित, ट्रस्टने चालवलेल्या निवासी शाळांबद्दल लिहितोय. आश्रमशाळा, नवोदय, सरकारी सैनिक शाळा यांचं गणित वेगळं आहे, तिथे बदल्या असतात, वरून जीआर येतात. खासगी बोर्डिंगमध्ये तुमच्या वर फक्त ट्रस्ट असतो, आणि ते जितकं सोयीचं आहे तितकंच अवघड.

सही करण्याआधी

ऑफर लेटर आलं की आनंदात लगेच हो म्हणू नका. महाराष्ट्रातल्या या शाळा बहुतेक करून १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टच्या असतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. हा चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं वादात अडकलेला असेल तर समजायचं की मंडळात दोन गट आहेत आणि तुम्ही जे काही कराल ते एका गटाचं म्हणून मोजलं जाणार. हे आधी विचारायला काहीच हरकत नाही, उलट चांगले ट्रस्टी असा प्रश्न आला की खूश होतात.

चार गोष्टी लेखी घ्या. स्टाफ नेमण्यात आणि काढण्यात तुमचा शब्द किती चालणार. किती रुपयांपर्यंतचा खर्च तुम्ही न विचारता करू शकता (पावसाळ्यात मोटर जळली तर मंडळाच्या मीटिंगची वाट बघत बसणार का?). ट्रस्टी थेट रेक्टरला किंवा मेसवाल्याला फोन करून सूचना देणार की तुमच्यामार्फत. आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची, एखाद्या मुलावर कारवाई केल्यावर ओळखीतून फोन आला तर निर्णय कोणाचा. ही चौथी गोष्ट कागदावर नसेल तर पहिल्याच वर्षी असा फोन येतो, मुलगा परत घेतला जातो, आणि त्या संध्याकाळी अख्ख्या हॉस्टेलला कळतं की सरांच्या शब्दाला किंमत नाही. त्यानंतर तुम्ही कितीही चांगली योजना आणा, कोणी ऐकत नाही.

कागदपत्रांत अजून दोन-तीन गोष्टी बघायला मागा. मागच्या तीन वर्षांचे ॲडमिशनचे आकडे, किती मुलं मध्येच दाखला काढून गेली, स्टाफ किती बदलला, आणि शाळा न्यायाधिकरणात किती केसेस चालू आहेत. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात काढून टाकलेला कर्मचारी कलम ९ खाली तिथे अपील करू शकतो. केसेस जास्त असतील तर आधीच्या माणसाने घाईत आणि प्रक्रिया न पाळता लोकांना काढलंय असं धरून चाला, आणि स्टाफ तुमच्याकडेही त्याच नजरेने बघणार हेही.

पहिली टर्म फक्त बघायचं

जून ते दिवाळी काहीही बदलू नका, सुरक्षिततेच्या गोष्टी सोडून, त्या पुढे सांगतो. लोक म्हणतील नवीन सर काहीच करत नाहीत. म्हणू द्या. पण बघणं म्हणजे राउंड मारणं नाही, कुठे बघायचं हे माहीत पाहिजे.

हॉस्टेलमध्ये वेगवेगळ्या वेळी जा, उठायच्या बेलला, प्रेप सुटल्यावर, लाईट बंद झाल्यावर. एकट्याने नाही, हाऊस मास्टरला (मुलांच्या एका हाऊसची, म्हणजे निवासी गटाची जबाबदारी असलेल्या शिक्षकाला) सोबत घेऊन, आणि मुलींच्या हॉस्टेलमध्ये तर लेडी रेक्टर बरोबर असल्याशिवाय पाऊल ठेवायचं नाही, हा नियम स्वतःपासून सुरू करा म्हणजे बाकीच्यांना सांगता येतो. सकाळी बाथरूमच्या बाहेर पाच मिनिटं उभे राहिलात तर शाळेची खरी रचना कळते. गिझरचं गरम पाणी पहिल्या बॅचला मिळतं, शेवटच्या बॅचला कोमट, मग गार. पहिल्या बॅचला कोण जातं? बादल्या किती आणि मुलं किती? सहावीतला मुलगा बादली भरून स्वतः आंघोळीला जातो की ती बादली दुसऱ्या कोणासाठी आहे? पाचगणीत जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत, मुलं ओले मोजे घालून वर्गात येतात, तेव्हा हीटर असलेल्या खोलीतली दोरी कोणाच्या कपड्यांनी भरलीय तेही बघा. ऑफिसात कोणीही तुम्हाला सांगणार नाही की सिनियर ज्युनियरना राबवतात. पाण्याची रांग सांगते.

दुसरी जागा सिक रूमचं रजिस्टर. त्यात तारीख, नाव, इयत्ता, तक्रार, औषध इतकंच असतं आणि बहुतेक प्रिन्सिपल ते फक्त इन्स्पेक्शनच्या वेळी उघडतात. तुम्ही मागचं अख्खं वर्ष घेऊन बसा. एकच नाव परत परत येतंय का. पोटदुखी, डोकं दुखतंय, चक्कर येतेय हे कोणत्या वारी जास्त. रविवारी घरच्यांचा फोन झाला की सोमवारी पहाटे पीटीच्या आधी लहान मुलं पोट धरून येतात, हे नेहमीचं आहे, घरची आठवण असते. पण एकाच डॉर्ममधली मुलं ठरावीक माणसाची नाईट ड्युटी असलेल्या दिवशी येत असतील तर ते पोटदुखीचं प्रकरण नाही. नर्सबाईंना बऱ्याचदा हे सगळं माहीत असतं, फक्त त्यांना कोणी कधी विचारलेलं नसतं.

मेसमध्ये रोज वेगळ्या टेबलवर बसा, मुलं जे खातात तेच खा, आणि खरकट्याच्या पिंपाकडे लक्ष ठेवा, कोणत्या दिवशी कोणती भाजी टाकली जाते ते मेनू कमिटीच्या दहा मीटिंगपेक्षा जास्त सांगतं. चपाती दुसऱ्यांदा मागायला पाचवी-सहावीची मुलं उठतात का तेही बघा.

आणि मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट म्हणजे मागच्या वर्षी दाखला काढून गेलेल्या मुलांच्या पालकांना फोन करा. मूल शाळेत असेपर्यंत पालक बोलत नाहीत, मुलाला त्रास होईल ही भीती असते. दाखला हातात आल्यावर मोकळं बोलतात. 'काहीतरी विकायला किंवा परत बोलवायला फोन केलेला नाही, फक्त ऐकायचंय' असं सुरुवातीलाच सांगा आणि मग खरंच फक्त ऐका, शाळेची बाजू मांडायला जाऊ नका. आठ-दहा फोन झाले की तीच दोन-तीन नावं आणि त्याच दोन-तीन जागा परत परत ऐकू येतात.

ज्याला थांबायचं नाही

वर म्हटलं की दिवाळीपर्यंत काही बदलू नका, त्याला अपवाद हा. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आला की त्याच दिवशी.

पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यातलं कलम १९ शाळेच्या प्रत्येक माणसाला माहीत पाहिजे, मामा-मावशींसकट. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा अंदाज आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी आपण अंतर्गत चौकशी करू, मग बघू' हे चालत नाही, कळवलं नाही तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ट्रस्टींपैकी कोणीतरी शाळेच्या नावाचं काय म्हणणार, त्याची तयारी आधीच ठेवा, पहिल्याच मीटिंगमध्ये हे कलम वाचून दाखवा आणि मिनिट्समध्ये घ्या. प्रसंग आल्यावर समजावत बसायला वेळ नसतो. मूल बोललं तर त्याला परत परत तेच सांगायला लावू नका, एकाने शांतपणे ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहायचं, आणि त्याचं नाव स्टाफरूममध्ये पोचता कामा नये.

मारणं आणि अपमान करणं दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मनाई आहे. उन्हात उभं करणं, जेवण बंद, सगळ्यांसमोर टिंगल, हे सगळं बंद. सिनियरने ज्युनियरला त्रास देणं हे महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यात येतं, तो फक्त कॉलेजपुरता नाही, हॉस्टेलं आणि बोर्डिंगही त्यात आहेत, आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं ही संस्थाप्रमुखाची जबाबदारी आहे.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन, कंत्राटदाराच्या माणसांचंही. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाईनचा नंबर प्रत्येक मजल्यावर आणि मुलं फोन करतात तिथे, मोठ्या अक्षरात. आगीच्या वेळी बाहेर पडायचे दरवाजे रात्री कुलूप लावलेले नसावेत, आणि गच्चीचे दरवाजे बंद असावेत. औषधं कुलपात आणि दिल्याची नोंद. बंद खोलीत एक मोठा माणूस आणि एक मूल ही परिस्थिती कुठेच येऊ द्यायची नाही, समुपदेशनाच्या खोलीच्या दाराला काच बसवा, सोपं काम आहे.

आधी माणसं, मग योजना

डून स्कूल १९३५ मध्ये डेहराडूनला सुरू झालं, तेव्हा पहिले हेडमास्टर म्हणून इंग्लंडच्या ईटन शाळेतून आर्थर फूट आले. ते आधी कधी भारतात आलेले नव्हते. त्यांनी येताना तिथल्याच हॅरो शाळेतून जॉन मार्टिन यांना आपले डेप्युटी म्हणून सोबत घेतलं. फूट १९४८ ला गेले, मग मार्टिन हेडमास्टर झाले आणि १९६६ पर्यंत राहिले. म्हणजे दोन माणसांनी मिळून तीस वर्षं एक शाळा उभी केली. आपल्याकडे तीन वर्षांत तीन प्रिन्सिपल बघितलेल्या शाळा आहेत, त्या मुलांनी कोणावर विश्वास ठेवायचा?

तुम्हालाही एक दुसरा माणूस लागेल. बाहेरून आणता आला तर उत्तम, नाहीतर शाळेतलाच शोधा, पण तो असा हवा की तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकेल आणि ज्याला हॉस्टेलमधली मुलं स्वतःहून शोधत येतात. पद व्हाईस प्रिन्सिपलचंच पाहिजे असं नाही, बऱ्याच ठिकाणी हे काम सिनियर मेट्रन करते. मी पाहिलेल्या चांगल्या शाळांमध्ये अशी एक तरी बाई असायची जिला कोणत्या मुलाच्या घरी काय चाललंय हे पाठ असायचं, आणि प्रिन्सिपल रोज सकाळी तिच्याबरोबर चहा घ्यायचे, दिवस तिथून सुरू व्हायचा.

हॉस्टेल स्टाफकडे आधी लक्ष द्या. तीन प्रश्न विचारा. तुम्हाला आठवड्याची सुट्टी खरंच मिळते का? रात्री तुमच्या एकट्याकडे किती मुलं असतात? मूल रडत असेल, ताप असेल, पळून जायचं म्हणत असेल तर काय करायचं हे तुम्हाला कोणी शिकवलंय का? उत्तरं ऐकून वाईट वाटेल. दिवसभर शिकवून परत रात्री ड्युटी करणारा शिक्षक दहा वाजता मुलांवर ओरडतो तेव्हा तो वाईट माणूस असतोच असं नाही, तो थकलेला असतो. त्यामुळे माझ्या मते पहिला खर्च करायचा तो जास्तीच्या हॉस्टेल स्टाफवर, जेणेकरून प्रत्येकाला आठवड्यात एक पूर्ण सुट्टी आणि एक मोकळी संध्याकाळ मिळेल. ट्रस्टींना हे पटवणं अवघड जातं कारण त्याचा फोटो ब्रोशरमध्ये छापता येत नाही. तरी इथे मागे हटू नका.

स्टाफ मीटिंगला हॉस्टेलच्या लोकांना बोलवा, शिक्षकांच्या बरोबरीने बसवा, आणि पहिला विषय त्यांचा ठेवा. काही शिक्षकांना आवडणार नाही. ज्यांना आवडणार नाही त्यांची नावं लक्षात ठेवा, पुढे विरोध तिथूनच येतो.

एकच बदल निवडा: एक उदाहरण पूर्ण बघू

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे वीस-पंचवीस गोष्टींची यादी झालेली असेल. त्यातली एक घ्या. मी उदाहरण म्हणून सगळ्यात चिवट गोष्ट घेतो, सिनियरची कामं ज्युनियरने करायची पद्धत. पाणी आणणं, बूट पॉलिश, बेड लावणं, टक शॉपमधून (शाळेतल्या खाऊच्या दुकानातून) सामान आणणं, मेसमधून ताट आणणं. मारहाण नाही, म्हणून सगळे याला परंपरा म्हणतात, पण मारहाण सुरू होते ती इथूनच.

नवीन प्रिन्सिपल काय करतो तर असेंब्लीत जाहीर करतो की आजपासून हे बंद, आढळल्यास कडक कारवाई. मग काय होतं? पद्धत बंद होत नाही, लपून सुरू राहते, आणि आता ज्युनियर बोलला तर तो चुगलखोर ठरतो. म्हणजे आधीपेक्षा वाईट.

त्याऐवजी असं करा. पहिल्यांदा शोधा की ज्युनियर जे काम करतो ते काम मुळात का आहे. पाणी आणावं लागतं कारण कूलर एकच आहे आणि तो तळमजल्यावर आहे. ताट आणावं लागतं कारण मेसची रांग लांब आहे आणि दहावीचे क्लास उशिरा सुटतात. बूट पॉलिश कारण ब्रश चारच आहेत. अर्धी दादागिरी ही टंचाईतून येते, जिथे वस्तू कमी तिथे जोर असलेला आपलं काम दुसऱ्याकडून करून घेतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गाजावाजा न करता प्रत्येक मजल्यावर कूलर बसवा, जेवणाच्या दोन पाळ्या करा, पॉलिशचा स्टँड ठेवा. हे करताना नियमाबद्दल एक शब्द बोलू नका.

मग अवघड भाग, आणि यात घाई केली तर सगळं फिसकटतं. आत्ता आठवी-नववीत असलेली मुलं सहावीपासून हे सगळं सोसत आलेली असतात आणि त्यांच्या डोक्यात एकच हिशोब असतो, पुढच्या वर्षी आपली पाळी. तुम्ही पद्धत बंद केली की त्यांची पाळी जाते. त्यांनी दिलं सगळं, मिळालं काहीच नाही. त्यांचा राग खरा आहे आणि तो त्यांच्या तोंडून ऐकून घेतला पाहिजे, लहान लहान गटात, हाऊस मास्टरच्या घरी बसवून, चहा-वडापाव देऊन, जानेवारीत. तिथे सरळ म्हणायचं की तुमच्यावर अन्याय झाला, शाळेने तेव्हा थांबवायला पाहिजे होता, थांबवला नाही. हे वाक्य प्रिन्सिपलच्या तोंडून ऐकलं की मुलं गप्प होतात, कारण असं त्यांना कोणी म्हटलेलं नसतं.

आणि मग त्या पाळीच्या बदल्यात काहीतरी खरं द्या. मोठं झाल्याचा मान मुलांना हवाच असतो, तो कोणाच्याही डोक्यावर न बसता देता येतो. अर्धा तास उशिरा लाईट बंद, अभ्यासाला स्वतंत्र खोली, स्वतः मॅगी-चहा करायला छोटी पॅन्ट्री, रविवारचं जास्तीचं आऊटिंग. यातल्या कोणत्या गोष्टी हव्यात ते त्यांनाच ठरवू द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुढच्या वर्षीचे प्रीफेक्ट (शिस्त सांभाळायला नेमलेली मोठी मुलं) निवडताना ज्युनियर मुलांचं मत गुप्तपणे घ्या, साधी चिठ्ठी, 'रात्री बरं वाटत नसेल तर कोणत्या दादाला उठवशील'. ज्यांची नावं जास्त येतील त्यांचा विचार आधी. एप्रिलमध्ये पालकांना पत्र. आणि नियम प्रत्यक्ष लागू होतो तो जूनमध्ये, नवीन बॅच येते त्या दिवशी, कारण त्या मुलांना जुनी पद्धत माहीतच नसते. वर्षाच्या मध्ये लागू करू नका.

पहिल्या टर्ममध्ये नियम मोडला जाणारच. शिक्षा ठरलेली आणि छोटी ठेवा, पण प्रत्येक वेळी झाली पाहिजे, ट्रस्टींच्या ओळखीतला असला तरी. तो लेखी घेतलेला चौथा मुद्दा इथे कामाला येतो.

प्रीफेक्टचं काय करायचं

मोठ्या मुलांच्या हातात शिस्त द्यायची पद्धत आपल्याकडे इंग्लंडच्या पब्लिक स्कूल्समधून आली. तिथे रग्बी शाळेचे हेडमास्टर थॉमस अरनॉल्ड (१८२८ ते १८४२) यांनी वरच्या वर्गाच्या मुलांवर ही जबाबदारी टाकली तेव्हा त्यांचा भर होता तो हेडमास्टरांनी त्या मुलांशी स्वतः सतत संबंध ठेवण्यावर. आपण बिल्ला, ब्लेझर आणि शिक्षा करायचा अधिकार उचलला आणि तो सततचा संबंध विसरलो.

म्हणून प्रीफेक्ट ठेवायचे असतील तर दोन गोष्टी करा. एका पानावर लिहा की प्रीफेक्ट काय करू शकतो आणि काय नाही, आणि शिक्षा करणं हे 'नाही' मध्ये टाका, तो फक्त हाऊस मास्टरला कळवेल. हे पान नोटीस बोर्डवर लावा म्हणजे सहावीतल्या मुलालाही कळेल. दुसरं, आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः त्यांच्याबरोबर जेवा. ती वेळ कुठल्याही मीटिंगसाठी मोडायची नाही.

पालक

घर आणि शाळा यांच्यात अंतर असलं की अफवा वेगाने पसरते, एका मुलाला जुलाब झाले तर रात्रीपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शंभर मुलांना विषबाधा झालेली असते. यावर एकच उपाय आहे, वाईट बातमी शाळेने आधी सांगायची, त्याच दिवशी, फोन करून, मूल सांगायच्या आत. हाऊसप्रमाणे एक माणूस ठरवा जो पालकांचे फोन घेतो आणि त्याची वेळ जाहीर करा. प्रिन्सिपलने ग्रुपवर उत्तरं देत बसू नये.

नवीन मुलांच्या बाबतीत पहिले पाच-सहा आठवडे जपायचे असतात. घरची आठवण संध्याकाळी जास्त येते, त्यामुळे त्या वेळी त्यांना रिकामं ठेवू नका, आणि फोनचा दिवस ठरलेला असला तरी खरंच कोसळलेल्या मुलाला नियम दाखवू नका. आईवडिलांना आधी सांगून ठेवा की मूल फोनवर रडेल, मला घेऊन जा म्हणेल, आणि फोन ठेवल्यावर खेळायलाही जाईल. पण पाच-सहा आठवड्यांनंतरही जेवण, झोप, अभ्यास तिन्ही बिघडलेलं असेल तर त्यांना प्रामाणिकपणे सांगा की या मुलाला आत्ता घरी ठेवा. फी गेली तरी चालेल. प्रत्येक मूल बोर्डिंगसाठी नसतं आणि हे शाळेनेच सांगितलं की पालकांचा विश्वास बसतो.

फी वाढवायची असेल तर राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर जातो. ही समिती कागदापुरती ठेवू नका. हॉस्टेल स्टाफ वाढवायचाय म्हणून फी वाढतेय हे आकड्यांसकट मांडलं तर पालक ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे.

माजी विद्यार्थी आणि परंपरा

तुम्ही काहीही बदला, माजी विद्यार्थ्यांचा एक गट म्हणणारच की आमच्या वेळची शाळा राहिली नाही. त्यांना तुच्छ लेखू नका, शाळेवर त्यांच्याइतकं प्रेम बाहेर कोणी करत नाही आणि नवीन इमारतीचे पैसेही तिथूनच येतात. पण त्यांना थोडा इतिहास सांगा. अजमेरचं मेयो कॉलेज १८७५ मध्ये राजपुत्रांसाठी सुरू झालं, संस्थानांनी आपापली वेगळी हाऊसेस बांधली, सोबत नोकरचाकर. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचं सिंदिया स्कूल १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी सुरू झालं, त्यात आपली मराठी घराणीही आली. संस्थानं गेली, सरदारकी गेली, तरी दोन्ही शाळा आज चालू आहेत, कारण ज्याच्यासाठी त्या काढल्या होत्या तीच गोष्ट त्यांनी सोडून दिली आणि इतर घरांतल्या मुलांना दार उघडलं.

परंपरा दोन ढिगांत वाटा. ज्या सगळ्यात लहान मुलालाही आवडतात त्या ठेवा, जपा, त्यावर पैसे खर्च करा. हाऊसची गाणी, क्रॉस कंट्री, शेवटच्या रात्रीची शेकोटी. ज्या फक्त वरच्या वर्गाला आवडतात त्या जाऊ द्या. ही चाळणी माजी विद्यार्थ्यांसमोर ठेवली तर त्यातले बरेच जण स्वतःहून त्यांच्या सहावीच्या आठवणी सांगायला लागतात, ज्या त्यांनी इतकी वर्षं कोणाला सांगितलेल्या नसतात. त्यांनाच मग ट्रस्टींशी बोलायला न्या.

चाललंय का, हे कसं कळणार

बोर्डाचा निकाल बघू नका, तो फार उशिरा आणि भलत्याच कारणांनी बदलतो. सिक रूमचं रजिस्टर परत उघडा आणि मागच्या वर्षाशी लावून बघा. दिवाळीची सुट्टी संपल्यावर किती मुलं ठरल्या दिवशी परत आली आणि किती आजारी असल्याचा फोन आला, हे मोजा. हॉस्टेल स्टाफमधले किती जण वर्षभर टिकले. दाखला काढून किती गेले. आणि सकाळची पाण्याची रांग, तीही परत जाऊन बघा.

पहिल्या वर्षी तक्रारी वाढतील. घाबरू नका आणि ट्रस्टींना हे आधीच सांगून ठेवा, कारण मुलं बोलायला लागली की आकडा वर जातोच. आकडा शून्य असलेली शाळा मला जास्त काळजीची वाटते.

जाण्याची तयारी आल्यापासून

खासगी बोर्डिंगमध्ये प्रिन्सिपल बदलला की सगळं मूळपदावर येतं, याचं कारण बदल त्या माणसाच्या डोक्यात असतो, कागदावर नसतो. म्हणून एक फाईल पहिल्या महिन्यापासून ठेवा. काय बघितलं, काय बदललं, का बदललं, कोणाचा विरोध होता, कोणते पालक मदतीला आले, कोणत्या मुलावर लक्ष ठेवायला हवं (ही पानं वेगळी आणि कुलपात). ट्रस्टच्या ठरावात जे जे बसवता येईल ते बसवा, हॉस्टेल स्टाफची संख्या, आठवड्याची सुट्टी, प्रीफेक्टचं पान, कारवाईचा अधिकार. ठराव झाला की पुढच्या माणसाला तो मोडायला परत ठराव करावा लागतो आणि तिथे निदान चर्चा तरी होते.

निघायच्या वर्षभर आधी ट्रस्टींना सांगा, आणि शक्य झालं तर नवीन माणसाबरोबर एक टर्म एकत्र काम करा. त्याला पहिल्या आठवड्यात ऑफिसात बसवू नका, मेट्रनबाईंशी ओळख करून द्या, मग नर्सबाईंशी, मग मेसच्या महाराजांशी. ट्रस्टींची ओळख त्यानंतर झाली तरी चालते.